पगाराला जोड : दुसऱ्या उत्पन्नाचा उगम वेगळा हवा

मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी संध्याकाळी खरा हिशेब होत असे तो खाणावळीत. लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांतील चाळींत कोकण, सातारा, कोल्हापूर येथून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा जण मिळून राहत आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. त्यांची कुटुंबे गावी असत. दोन वेळचे जेवण चाळीतीलच एखादी बाई करून घाली. तिचा नवरा बहुधा गिरणीतच कामाला असे, किंवा कधीकाळी होता आणि आता हयात नसे. तिच्या दारावर पाटी नव्हती की घरात टेबल-खुर्ची नव्हती. संसाराच्या खोलीतच पंगत बसे. जेवणाऱ्यांचे पैसे महिन्याने, पगार झाल्यावर मिळत. त्यातून वाण्याची उधारी भागवायची आणि उरेल ते घरखर्चाला लावायचे. नवऱ्याच्या पगाराला किंवा त्याच्या पश्चात उरलेल्या संसाराला मिळालेला हा मोठाच आधार होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप औपचारिक रीतीने कधी मागे घेतला गेलाच नाही आणि एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. पगार थांबला तसा खाणावळीचा पैसाही आटला. जेवणारे गावी निघून गेले. जे राहिले ते उधारीवर जेवू लागले. ज्या घरात दोन उत्पन्ने आहेत असे वाटत होते, तेथे दोन्ही एकाच भोंग्यावर चालत होती, हे त्या वेळी उघड झाले.

नोकरी किंवा मजुरी सांभाळून दुसरे उत्पन्न उभे करावे, हा सल्ला नवा नाही. 'जोडधंदा' हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राला दोन पिढ्यांपासून परिचित आहे आणि त्यासाठी कर्ज, अनुदान व प्रशिक्षण देणाऱ्या योजनाही अनेक झाल्या. तथापि, दुसरे उत्पन्न सुरू होणे आणि त्यामुळे कुटुंब पगारावर कमी अवलंबून राहणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साध्य झाली म्हणजे दुसरी आपोआप होते, असा समज कार्यालयीन अहवालांतही पुष्कळदा आढळतो. किती शेळ्या वाटल्या याची नोंद होते; त्या शेळ्यांमुळे घराला कोणती गोष्ट नाकारता आली, याची होत नाही.

नकार देण्याची ऐपत

आर्थिक स्वावलंबनाची खूण उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा नकार देण्याच्या ऐपतीत अधिक स्पष्ट दिसते. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामाच्या अगोदरच, पावसाळ्यात घरात दाणा नसताना, मुकादम मजुराला 'उचल' देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल त्या कोयत्याच्या नावे लागते. पुढे कारखान्याच्या फडात केलेले काम या उचलीतून वळते होत जाते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते आणि त्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे जायचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य उरत नाही.

अशा घरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत थोडे जरी दुसरे उत्पन्न आले, तरी त्याचे मोल रकमेहून मोठे असते. उचल घ्यायचीच नाही इतके ते नसेल. परंतु कमी घेता येते, उशिरा घेता येते आणि दर ठरविताना दोन शब्द बोलता येतात. मात्र येथेही धंद्याची निवड डोळसपणे व्हावी लागते. कर्ते जोडपे वर्षातील पाच-सहा महिने गावाबाहेर असते. त्या काळात घरी राहतात ते म्हातारे आई-वडील. दुभती म्हैस त्यांच्याने सांभाळवत नाही. दोन-तीन शेळ्या मात्र सांभाळता येतात. शेळी पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी जातीत जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले असते आणि करडू आठवडी बाजारात रोखीने विकले जाते. योजनेखाली लाभार्थी निवडताना 'हे जनावर हंगामात कोण पाहणार?' एवढा एकच प्रश्न विचारला गेला असता, तर मंजूर झालेल्या कितीतरी म्हशी सहा महिन्यांत विकल्या गेल्या नसत्या.

भांडवल कोणाचे?

गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल. कारण त्यांच्या धंद्यातील दुसरा दोष १९८२ पूर्वीच कोणाच्या तरी ध्यानात आला होता. १९७३-७४ च्या संपात या बायकांनी संपकरी कामगारांना उधारीवर जेवू घातले. भांडी, दागिने गहाण पडले. संप मिटला, कामगार कामावर गेले, परंतु बायकांचे कर्ज तसेच राहिले. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि गिरणगावात कामगारांमध्ये काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

खाणावळीचा पैसा कोठे जात होता, हे पाहिले की या कामाचे महत्त्व कळते. बाई महिनाभर वाण्याकडून उधारीवर तांदूळ, डाळ, तेल आणी. उधारीचा माल रोखीच्या मालापेक्षा महाग पडे आणि प्रतही वाण्याच्या मर्जीची असे. पैसे मात्र महिन्याच्या शेवटी येत. म्हणजे तीस दिवसांचे भांडवल दुसऱ्याचे, त्याची किंमत बाईने मोजायची आणि श्रम तिचे. दिवसाकाठी चौदा-पंधरा तास चुलीपाशी उभे राहूनही तिच्या हाती फारसे उरत नसे, ते याच कारणाने. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर दुर्बल घटकांना कर्ज देण्याची जबाबदारी बँकांवर आली होती. प्रारंभी चौदा बायकांच्या गटाला एकमेकींच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळाले. महिनाभराचा किराणा रोखीने घेता येऊ लागला आणि उधारीमुळे मालाला पडणारी जादा किंमत बाईच्या पदरात राहू लागली. जेवणारे तितकेच, ताट तेच. बदलले ते भांडवल.

पुढे मंडळाने कार्यालयांना जेवण पुरविण्याचे कामही हाती घेतले. येथे गिऱ्हाईक बदलले. गिरणी बंद पडली म्हणून कार्यालयातील कर्मचाऱ्याचे जेवण बंद होत नाही. भांडवल स्वतःचे आणि गिऱ्हाईक वेगळे, या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच गिरणीच्या भोंग्याशी या उत्पन्नाचा संबंध सुटू लागला.

खाट आणि स्टोव्ह

गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा हा प्रारंभ सर्वांना ठाऊक आहे आणि तो अनेकदा सांगितलाही जातो. त्यामानाने त्याच वर्षीच्या पावसाळ्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऊन नसल्याने पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पहिल्या वर्षाची विक्री ६ हजार १९६ रुपये झाली, ती या खंडासह. दुसऱ्या वर्षी महिलांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्यातही काम चालू राहिले.

घरगुती उत्पन्नाच्या शास्त्रात या खाटेला आणि स्टोव्हला मोठे स्थान आहे. दरमहा येणारा पगार आणि वर्षातून आठ महिने येणारे उत्पन्न यांची तुलना कुटुंब करू शकत नाही. कारण दुकानदार, शाळा आणि घरमालक बाराही महिने पैसे मागतात. खंड पडला की घर पुन्हा पगाराकडे पाहते, पगार अपुरा पडला की उसनवारी होते आणि पुढील आठ महिन्यांची कमाई ती फेडण्यात जाते. धंदा सुरू करताना खंड कोणत्या महिन्यांत पडणार हे लिहून काढावे आणि तो भरून काढण्याचा खर्च भांडवलातच धरावा.

या संस्थेची कामाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. सकाळी सभासद भगिनी केंद्रावरून भिजविलेले पीठ घेऊन जातात, घरी लाटतात आणि वाळलेले पापड केंद्रावर जमा करतात. प्रत तपासली जाते व लाटणावळ मिळते. पीठ एका ठिकाणी भिजविल्याने प्रत एकसारखी राहते. लाटणे घरी असल्याने मूल-बाळ, म्हातारी माणसे सांभाळून काम होते. विक्रीची दगदग संस्था घेते. प्रारंभी मदत करणारे छगनलाल करमसी पारेख यांनी दोन गोष्टींबाबत आग्रह धरला : मालाची प्रत घसरू द्यायची नाही आणि हिशेब धंद्याच्या रीतीने ठेवायचा. दानधर्म म्हणून मिळणारा पैसा संस्थेने स्वीकारला नाही. आज संस्थेच्या सभासद भगिनींची संख्या ४५ हजारांहून अधिक आहे.

गोठ्यातील हिशेब

ग्रामीण भागात पगाराला किंवा मजुरीला जोड म्हणून दुधाइतका दुसरा धंदा पसरलेला नाही. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९६३ मध्ये झाली. १९७० मध्ये देशात दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाते, फॅट लागते आणि बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी बिल निघते. नोकरीत महिन्याने एकदा दिसणारा पैसा येथे महिन्यातून तीनदा दिसतो. किरकोळ खर्चासाठी सावकाराकडे जाण्याची वेळ त्यामुळे टळते, हा या धंद्याचा सर्वात मोठा गुण होय.

परंतु याच बिलामुळे फसगतही होते. बिलाची रक्कम म्हणजे उत्पन्न, असे घरात मानले जाते. पेंडीचे पैसे संस्थेने बिलातूनच कापलेले असतील तर ठीक. वैरण घरच्या शेतातली असेल, तर तिची किंमत कोणी धरीत नाही. जनावरांच्या डॉक्टरची फी, विमा, कर्जाचा हप्ता, आणि घरातील बाईचे रोजचे तीन तास हेही हिशेबाबाहेर राहतात. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते आणि व्यायच्या आधी दोन-तीन महिने तरी आटते. भाकड काळात बिल शून्य, वैरण मात्र चालूच. म्हणून दोन जनावरे एकदम न घेता सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावीत, म्हणजे एक आटली तरी दुसरी दुधात राहते, असे पशुसंवर्धन अधिकारी सांगत आले आहेत. कर्ज मंजूर करताना दोन्ही म्हशी एकाच बाजारातून एकाच दिवशी घेतल्या जातात तेव्हा कागद पूर्ण होतात, पण सहा-आठ महिन्यांनी गोठ्यात दोन भाकड जनावरे उभी असतात.

उगम वेगळा असण्याचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. ज्या गावात मजुरी पावसावर आणि वैरणही पावसावर, तेथे दूध हे वेगळे उत्पन्न आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९७२ च्या दुष्काळात शेतातील काम गेले, आणि नेमक्या त्याच महिन्यांत जनावरे मिळेल त्या किमतीला विकली गेली. बागायती पट्ट्यात, जेथे उसाचे वाढे आणि कालव्याकाठचे गवत मिळते, तेथे दूध हा आधार ठरतो. कोरडवाहू भागात त्याच दुधाला वैरणीची कोठी, मुरघास किंवा तत्सम तजवीज नसेल, तर जो पाऊस मजुरी बुडवितो तोच दूधही बुडवितो. एकच योजना सगळ्या तालुक्यांना सारखी लागू करण्यात हा धोका असतो.

नियमांची चौकट

शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य इतरांना या बाबतीत मार्गदर्शन करतात, तसेच स्वतःही पगारदार किंवा मानधनावर असतात. त्यांच्या बाबतीत कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम १६ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय कोणताही व्यापार-धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. कर्तव्यास बाध न येता क्वचित केलेले वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे काम यातून वगळलेले आहे. कुटुंबातील व्यक्ती धंदा करीत असेल तर तशी माहिती शासनास द्यावी लागते. आणि त्या धंद्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतः गिऱ्हाइके गोळा करणे हाही नियमभंग ठरतो. पत्नीच्या नावाची विमा एजन्सी आणि पॉलिस्या मात्र साहेबांच्या टेबलावर, हा प्रकार म्हणूनच निरुपद्रवी नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. शिक्षकांच्या खाजगी शिकवण्यांना बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाच्या कलम २८ ने मनाई केली आहे. ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या एखाद्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली तो सदस्यत्वास अपात्र ठरतो. गावातील गटाराच्या कामाकडे जोडधंदा म्हणून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

परवानगी लागत नाही असे मार्गही आहेत. शेतीची मालकी, पत्नीचा किंवा मोठ्या मुलाचा खरोखर त्यांनीच चालविलेला व रीतसर कळविलेला उद्योग, लेखन, ठेवी हे सर्व नियमांत बसते. अडचण येते ती घाईने श्रीमंत करणाऱ्या योजनांची. माणसे जोडा आणि त्यांनी जोडलेल्या माणसांवरही कमिशन घ्या, अशा साखळी योजनांचे प्रतिनिधी गावात प्रथम शिक्षकाकडे किंवा ग्रामसेवकाकडे येतात. त्यांना त्याचे पैसे नको असतात. गावाचा त्याच्यावरील विश्वास हवा असतो. पैशाच्या अशा अभिसरण योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. योजना बुडते तेव्हा प्रतिनिधी सापडत नाही, गुरुजी मात्र गावातच राहतात.

नोकरी केव्हा सोडावी

दुसरे उत्पन्न पगाराइतके झाले की नोकरी सोडावी, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला अपुरा आहे. पगाराबरोबर भविष्यनिर्वाह निधी, रजा, आजारपणातील संरक्षण आणि बँकेत मिळणारी पत या गोष्टीही जातात. त्यांची किंमत धंद्यातून निघाली पाहिजे. शिवाय अनेक धंदे आतून पगारावरच पोसलेले असतात. दुकानात कमी पडलेले दोन हजार पगारातून टाकले जातात, त्याची नोंद कोठेच नसते, आणि दुकान नफ्यात आहे असे घर समजते. म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवून बारा महिने, पगारातून एक रुपयाही न घालता, धंदा चालतो का हे पाहावे. त्या बारा महिन्यांत पडत्या हंगामाचा काळ आलाच पाहिजे. प्रारंभीचे उत्पन्न प्रथम व्याजाचे कर्ज फेडण्यास लावावे; कारण हप्ते चालू असेपर्यंत नोकरीतून सुटका नाही. नंतर सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक करावी. शासकीय सेवेत जुन्या निवृत्तिवेतन नियमांखाली असलेल्यांना २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची व्यवस्था निराळी असल्याने त्यांनी आपल्या आस्थापना शाखेतून आकडे लिहून घेतल्याशिवाय काही ठरवू नये.

गावात एखादे कुटुंब किंवा स्वयंसहाय्यता गट नव्या धंद्याचा अर्ज घेऊन येतो, तेव्हा पंचायतीत जागा, कर्ज आणि अनुदान यांची चौकशी होते. तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारता येईल : या मालाचे गिऱ्हाईक कोण, आणि त्याच्या हातातला पैसा कोठून येतो? औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोर चहा-वड्याची टपरी टाकणाऱ्या बाईचा नवरा त्याच फाटकाच्या आत कामाला असेल, तर तिचा वडा आठवडी बाजारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, एस.टी. स्थानकावर विकला जाईल अशी सोय आधीच पाहावी लागेल. पंचायतीच्या बाजारओट्यावरील एक जागा तिच्या नावे झाली, तर त्यासाठी वेगळ्या योजनेची गरजही पडणार नाही.